लूव्हँ-ला-नव्ह : एका विद्यापीठाने वसवलेले गाव

बेल्जियमच्या राजधानीपासून, म्हणजे ब्रुसेल्सपासून, आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर लूव्हँ-ला-नव्ह हे छोटे शहर आहे. नावाचा अर्थ 'नवे लूव्हँ'. जगातील बहुतेक विद्यापीठे एखाद्या जुन्या शहराच्या आश्रयाने वाढली. येथे क्रम उलटा आहे. विद्यापीठ आधी आले आणि त्याने आपल्याभोवती गाव वसवले. १९७१ पूर्वी या जागी गव्हा-बीटाची शेते, थोडे रान आणि एक-दोन वाड्या होत्या. पन्नास-पंचावन्न वर्षांत तेथे चौक, बाजार, रेल्वे स्थानक, चर्च, तळे आणि हजारो बिऱ्हाडे उभी राहिली. या गावाच्या जन्मामागे कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या आधुनिक इतिहासातील एक वेदनादायक प्रसंग आहे, म्हणून आपल्या वाचकांनी त्याची ओळख करून घेणे उचित ठरेल.

मूळ विद्यापीठ

९ डिसेंबर १४२५ रोजी पोप मार्टिन पाचवे यांनी ब्राबांत प्रांतातील ल्यूव्हन या नगरात विद्यापीठ स्थापन करण्याचे आज्ञापत्र दिले. ल्यूव्हनलाच फ्रेंच भाषेत 'लूव्हँ' म्हणतात. पुढे पोप झालेले एड्रियन सहावे या विद्यापीठात प्राध्यापक होते. शरीररचनाशास्त्राचा पाया घालणारे व्हेसेलियस आणि नकाशाशास्त्रज्ञ मर्केटर येथे शिकले. इरॅस्मस यांच्या प्रेरणेने १५१७ साली येथे लॅटिन, ग्रीक व हिब्रू या तीन भाषांचे महाविद्यालय सुरू झाले. एकेकाळी तीन भाषा शेजारी-शेजारी नांदवणारे हे विद्यापीठ पुढे दोन भाषांच्या वादात दुभंगले, हा इतिहासाचा विपर्यास म्हणावा लागेल.

फ्रेंच राजवटीत १७९७ साली विद्यापीठ बंद पडले. बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर तेथील बिशपांनी १८३४ साली कॅथोलिक विद्यापीठ म्हणून त्याची पुनर्स्थापना केली आणि १८३५ साली ते ल्यूव्हनला परतले. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने त्याचे ग्रंथालय जाळले. जगभरच्या देणग्यांतून ते पुन्हा उभे राहिले आणि मे १९४० मध्ये पुन्हा भस्मसात झाले. विद्यापीठाने ते तिसऱ्यांदा उभारले. परक्यांच्या तोफांनी जे विद्यापीठ मोडले नाही, ते घरच्या भांडणाने मोडले.

भाषेचा वाद आणि फाळणी

बेल्जियमच्या उत्तर भागात, फ्लँडर्समध्ये, लोक डच भाषा बोलतात. दक्षिणेकडील वालोनियात फ्रेंच बोलली जाते. ल्यूव्हन फ्लँडर्समध्ये असूनही तेथील शिक्षणाची भाषा प्रदीर्घ काळ फ्रेंचच होती. सरकार, न्यायालय आणि प्रतिष्ठित समाज यांची भाषाही तीच. शेतकऱ्या-कामगारांची डच भाषा ही अडाण्यांची बोली समजली जाई. विसाव्या शतकात विद्यापीठात डच माध्यमाचे वर्ग हळूहळू वाढत गेले आणि पुढे एकाच छपराखाली दोन माध्यमांचे दोन विभाग चालू लागले.

१९६२-६३ च्या कायद्यांनी देशात भाषिक सीमा निश्चित केली. ल्यूव्हन डच सीमेच्या आत आले. तेथील फ्रेंच विभाग वाढत राहिला तर प्राध्यापक व त्यांची कुटुंबे, दुकाने आणि शाळा यांच्यामुळे आपले नगर ब्रुसेल्सप्रमाणे फ्रेंच होऊन जाईल, ही भीती फ्लेमिश समाजाला वाटू लागली. फ्रेंच भाषकांचे म्हणणे वेगळे होते. शतकानुशतके ज्या विद्यापीठात आपले पूर्वज शिकले, ते सोडून आपण का जावे, असा त्यांचा प्रश्न होता. विश्वाच्या उत्पत्तीसंबंधीच्या महास्फोट सिद्धांताचे जनक, धर्मगुरू जॉर्ज ल्मेत्र हे याच विद्यापीठात शिकवत. फ्रेंच विभागाने ल्यूव्हन सोडू नये, असे ठाम मत त्यांनी मांडले होते. १९६६ साली त्यांचे निधन झाले. फाळणी त्यांना पाहावी लागली नाही.

१३ मे १९६६ रोजी बेल्जियमच्या बिशपांनी पत्रक काढून विद्यापीठ अविभक्तच राहील असे जाहीर केले. एकतेचा हेतू उदात्त होता. परंतु फ्लेमिश विद्यार्थ्यांना आणि अनेक भाविकांना ते पत्रक वरून लादलेली आज्ञा वाटले. "वालून लोकहो, बाहेर व्हा" अशा घोषणा रस्त्यांवर घुमू लागल्या. घोषणा देणाऱ्यांत कॅथोलिक घरांतील मुले होती आणि ती ज्यांना बाहेर काढू पाहत होती तीही कॅथोलिकच होती. फेब्रुवारी १९६८ मध्ये ब्रुझचे बिशप डे स्मेट यांनी, १९६६ च्या पत्रकाला संमती देण्यात आपली चूक झाली, असे जाहीरपणे सांगितले. बिशपांमधील मतभेद उघड झाले. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी याच प्रश्नावरून पंतप्रधान व्हांडेन बुयनांट्स यांचे सरकार कोसळले. त्याच वर्षी फ्रेंच विभागाचे स्थलांतर ठरले आणि एका विद्यापीठाची दोन विद्यापीठे झाली.

ग्रंथालयाची वाटणी हे या फाळणीचे सर्वात बोलके चित्र आहे. बऱ्याच पुस्तकांची वाटणी सम आणि विषम क्रमांकांनुसार झाली. सम क्रमांक एकाकडे, विषम दुसऱ्याकडे! वडिलोपार्जित घरातील भांडी दोघा भावांनी मोजून घ्यावीत, तसा हा प्रकार. मराठी माणसाला भाषावार प्रांतरचनेचा आणि १ मे १९६० च्या महाराष्ट्र निर्मितीचा इतिहास ठाऊक आहे. भाषेचे प्रेम माणसाला किती उंच नेते आणि भाषेची धास्ती किती दूर लोटते, हे त्याला वेगळे सांगायला नको.

गावाची उभारणी

स्थलांतरासाठी विद्यापीठाने वालोनियात, ऑतिन्यी गावाजवळच्या पठारावर ९०० हेक्टरांहून अधिक जमीन संपादन केली. २ फेब्रुवारी १९७१ रोजी राजे बोदुआँ यांच्या उपस्थितीत पायाभरणी झाली. १९७२ च्या शरद ऋतूत अभियांत्रिकीचे पहिले विद्यार्थी चिखल तुडवीत वर्गात आले. १९७९ पर्यंत बहुतेक विभागांचे स्थलांतर पूर्ण झाले. वैद्यकीय विभाग मात्र ब्रुसेल्समधील वोलुवे येथे गेला.

विद्यापीठाचे प्रशासक मिशेल व्वात्रँ आणि नगररचनाकार रेमाँ लमेर, ज्याँ-प्येर ब्लाँदेल व प्येर लाकाँत यांच्यापुढे एक सोपा मार्ग होता. शहराबाहेर भिंतीआड एक परिसर बांधायचा, तेथे वर्ग आणि वसतिगृहे उभारायची. त्यांनी तो नाकारला. केवळ विद्यार्थ्यांची वसाहत नको, म्हातारेकोतारे, लेकुरवाळी कुटुंबे, दुकानदार, कारागीर हे सर्व जेथे एकत्र राहतील असे खरे गाव हवे, असा त्यांचा आग्रह होता. लमेर हे जुन्या वास्तूंच्या जतनाचे जाणकार होते. त्यांनी ल्यूव्हनमधील मध्ययुगीन बेगीन वस्तीचा जीर्णोद्धार केला होता. त्या वस्तीतील अरुंद वाटा, विटांच्या भिंती आणि अनपेक्षितपणे समोर येणारे छोटे चौक यांची छाया नव्या गावावर पडलेली दिसते.

गावाचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे त्याचा मध्यभाग एका विस्तीर्ण काँक्रीटच्या ओट्यावर उभा आहे. मोटारी, वाहनतळ आणि रेल्वे ओट्याच्या खाली. माणसे, दुकाने, वर्ग आणि घरे वर. त्यामुळे गावाच्या मध्यभागी हॉर्न ऐकू येत नाही. मुले रस्त्यात खेळतात आणि प्राध्यापक पायी वर्गावर जातात. या मध्यभागाभोवती ब्येरो, ओकाय, लोझेल आणि ब्रुयेर असे चार विभाग आहेत. पायी चालत कोठूनही मध्यभागी पोहोचता यावे अशी त्यांची आखणी आहे. पावसाचे पाणी साठवण्यासाठी १९८० च्या दशकात केलेले तळे आज सर्वांचे फिरण्याचे ठिकाण झाले आहे. जवळच लोझेलचे सुमारे २०० हेक्टरांचे रान आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. येथील जमिनीची मालकी प्रामुख्याने विद्यापीठाकडेच राहिली. घर बांधणाऱ्याला किंवा विकत घेणाऱ्याला जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळते. त्यामुळे गावाच्या वाढीवर विद्यापीठाचा अंकुश राहिला. मात्र घरांच्या वाढत्या किमती आणि भाडेपट्ट्यांचे भवितव्य हे रहिवाशांच्या चिंतेचे विषय झाले.

लोकसंख्या : मोजायची कशी?

प्रशासकीयदृष्ट्या हे शहर ऑतिन्यी–लूव्हँ-ला-नव्ह या नगरपालिकेचा भाग आहे. नगरपालिकेची लोकसंख्या ३० हजारांहून थोडी अधिक आहे. त्यांपैकी साधारण एक तृतीयांश नोंदणीकृत रहिवासी लूव्हँ-ला-नव्हमध्ये राहतात. पण हे आकडे खरे चित्र दाखवीत नाहीत. येथे शिकणारे विद्यार्थी या रहिवाशांपेक्षा संख्येने कितीतरी अधिक आहेत. त्यांतील हजारो विद्यार्थी गावातच खोली घेऊन राहतात, परंतु त्यांची अधिकृत नोंद आई-वडिलांच्या गावी असते. म्हणजे जनगणनेच्या कागदावर जे नाहीत, तेच गावात सर्वात जास्त दिसतात.

स्थूलमानाने येथे चार प्रकारचे लोक आढळतात. पहिला वर्ग विद्यार्थ्यांचा. दुसरा प्राध्यापक, संशोधक आणि विद्यापीठाचे कर्मचारी यांचा. तिसरा वर्ग ब्रुसेल्सला नोकरीसाठी जा-ये करणाऱ्या किंवा शांत वातावरणासाठी आलेल्या कुटुंबांचा. चौथा वर्ग वाढत आहे, तो निवृत्तांचा. पन्नास वर्षांपूर्वी तरुणपणी येथे आलेली पहिली पिढी आता वृद्ध झाली आहे. पायी चालता येण्याजोगे गाव, व्याख्याने आणि ज्येष्ठांसाठीचे खास विद्यापीठीय वर्ग यांमुळे बाहेरचे वृद्धही येथे राहायला येतात. वीस वर्षांचा मुलगा आणि ऐंशी वर्षांच्या आजी एकाच बाकावर बसून एकच व्याख्यान ऐकत आहेत, हे दृश्य येथे नवलाचे नाही.

परदेशी नागरिकांचे प्रमाणही लक्षणीय आहे. याच विद्यापीठाने १९५४ साली आफ्रिकेतील काँगोमध्ये 'लोव्हानियम' विद्यापीठ स्थापन केले होते. आफ्रिकेशी जुळलेले ते नाते गावातही जाणवते. भारतीय धर्मगुरू व धर्मभगिनी ईशज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी बेल्जियमला जातात. पण इंग्रजी माध्यमाच्या सोयीमुळे त्यांचा ओढा अधिक करून जुन्या ल्यूव्हनकडे असतो.

दैनंदिन जीवन

विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोलीला येथे 'कॉट' म्हणतात. हा मूळचा फ्लेमिश शब्द असून आपल्याकडील झोपायच्या कॉटशी त्याचा संबंध नाही. गंमत अशी की, ज्या भाषेच्या वादामुळे हे लोक ल्यूव्हनमधून निघाले, तिचाच हा शब्द त्यांनी सामानाबरोबर आणला आणि तो त्यांच्या फ्रेंचमध्ये कायमचा वस्तीला राहिला.

सहा-आठ किंवा त्याहून अधिक विद्यार्थी एकत्र राहून एक स्वयंपाकघर चालवतात. त्यांतील काही गट वर्षभरासाठी एखादे सेवाकार्य किंवा उपक्रम स्वीकारतात. अपंगांना सोबत करणे, गरिबांशी मैत्री जोडणे, पर्यावरण, नाटक, विज्ञानाचा प्रसार असे नाना विषय असतात. अशा उपक्रमशील घरांची संख्या अनेक दशकांपासून टिकून आहे आणि गावाच्या सांस्कृतिक जीवनाचा बराचसा भार तीच उचलतात.

ऑक्टोबरमध्ये चोवीस तासांची सायकल शर्यत भरते. खऱ्या स्पर्धकांबरोबर विद्यार्थ्यांनी सजवलेली चित्रविचित्र वाहनेही रात्रभर गावाला फेऱ्या घालतात. कॅथोलिक विद्यार्थ्यांची 'कालोत' नावाची टोपी अशा वेळी हमखास दिसते. पोप महोदयांच्या 'झुआव्ह' सैनिकांच्या टोपीवरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तयार झाली असे मानतात. रात्रीचा गोंगाट, बिअरचे अतिसेवन आणि सकाळी चौकात पडलेला कचरा यांवरून रहिवासी आणि विद्यार्थी यांच्यात कुरबुरी होतात, हेही सांगायला हवे.

शुक्रवारी दुपारनंतर गावाचे रूप पालटते. चाकांच्या बॅगा ओढत विद्यार्थी स्थानकाकडे निघतात. बॅगेत आठवड्याचे मळके कपडे असतात. रविवारी रात्री त्याच बॅगा धुतलेले कपडे आणि आईच्या हातचे डबे घेऊन परततात. मधल्या दोन दिवसांत विद्यार्थ्यांचे मोहल्ले ओस पडतात. २००५ साली उघडलेल्या 'लेस्प्लानाद' या मोठ्या बाजारसंकुलामुळे शनिवारची गर्दी वाढली, परंतु ती बाहेरून येणाऱ्या ग्राहकांची. जून २०१७ मध्ये या संकुलाच्या विस्ताराबाबत नगरपालिकेने जनमत घेतले, तेव्हा नागरिकांनी मोठ्या बहुमताने नकार दिला. येथील लोकांना आपल्या गावाचे काय व्हावे याविषयी मत असते आणि ते मांडण्याची सवयही आहे.

बाराक या भागाचा उल्लेख केल्याविना चित्र अपुरे राहील. गावाच्या आराखड्यात ही जुनी वाडी नाहीशी व्हायची होती. काही विद्यार्थी व रहिवाशांनी तेथे जुनी घरे, चाकांवरची घरे आणि स्वतः बांधलेली लाकडी घरे यांत राहून ती वाचवली. नियोजनबद्ध गावाच्या कडेला नियोजन न मानणारी ही वस्ती आजही टिकून आहे.

'टिनटिन' या चित्रकथांचे निर्माते एर्जे यांच्या कार्यावरील संग्रहालय २००९ साली येथे उघडले. विज्ञान ग्रंथालयाच्या जुन्या, उंच काँक्रीटच्या इमारतीत २०१७ पासून विद्यापीठाचे संग्रहालय आहे. धर्मगुरू ल्मेत्र यांची कागदपत्रे विद्यापीठाच्या संग्रहात जतन केलेली आहेत. पृथ्वी व हवामान यांच्या अभ्यासाच्या एका केंद्राला त्यांचे नाव दिले आहे.

विद्यापीठालगतच्या विज्ञान उद्यानातून अनेक उद्योग निघाले. सायक्लोट्रॉन केंद्रातील संशोधनातून १९८६ साली सुरू झालेली 'आयबीए' ही कंपनी कर्करोगावरील प्रोटॉन उपचारयंत्रे बनवते. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक' संस्थेतील प्रोटॉन उपचारयंत्रणा याच कंपनीची आहे. आपल्या भागातील रुग्णांचा या दूरच्या गावाशी असा एक नकळत संबंध आला आहे.

श्रद्धाजीवन

मध्ययुगीन शहराच्या मध्यभागी कॅथेड्रल असे. या कॅथोलिक विद्यापीठाच्या गावात मध्यभागी मिळाले ते सभागृहांना, चौकांना आणि ग्रंथालयाला. संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या नावाचे चर्च गावात आहे. पण ते शिखर उंचावून गावावर छाया धरीत नाही, घरांमधले एक घर असावे तसे उभे आहे. जवळच ऑतिन्यीच्या रानात क्लेर्लांद येथे बेनेडिक्टाइन मठ आहे आणि तेथील प्रार्थनेस विद्यापीठातील माणसेही जातात.

पश्चिम युरोपातील इतर ठिकाणांप्रमाणे येथेही नियमित मिस्साला येणाऱ्यांची संख्या घटली आहे. विद्यार्थ्यांत अन्य धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारे पुष्कळ आहेत. विद्यापीठाच्या नावात 'कॅथोलिक' शब्द असावा का, यावर अनेकदा चर्चा झडल्या. अधिकृत नावात तो आजही आहे. येथील धर्मग्रामापुढे एक खास अडचण आहे. तरुण सोमवार ते शुक्रवार गावात असतात आणि प्रभूचा दिवस असतो रविवार! म्हणून विद्यार्थ्यांसाठीची प्रार्थना, चर्चा आणि सहभोजने आठवड्याच्या मधल्या दिवसांत ठेवावी लागतात.

विद्यापीठाच्या ६०० व्या वर्षाच्या निमित्ताने पोप फ्रान्सिस यांनी बेल्जियमला भेट दिली. २७ सप्टेंबर २०२४ रोजी ते जुन्या ल्यूव्हनला आणि २८ सप्टेंबरला लूव्हँ-ला-नव्हला गेले. 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकाच्या आधारे विद्यार्थ्यांनी पर्यावरण, विषमता आणि ख्रिस्तसभेतील स्त्रियांचे स्थान यांविषयीचे पत्र त्यांच्यासमोर वाचले. पोप महोदयांनी स्त्रीत्वाविषयी जे विचार मांडले त्यांच्याशी आपण सहमत नाही, असे विद्यापीठाने त्याच दिवशी पत्रक काढून कळवले. त्याच महिन्यात फ्रांस्वाझ स्मेत्स या विद्यापीठाच्या पहिल्या महिला कुलप्रमुख झाल्या होत्या. काहींना हे पत्रक अनादराचे वाटले, काहींना प्रामाणिकपणाचे. मात्र पाहुणा आणि यजमान एका सभागृहात बसून एकमेकांचे ऐकत होते, हे विसरता येणार नाही. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस देवाघरी गेले. दुभंगलेल्या दोन्ही विद्यापीठांना लागोपाठच्या दोन दिवशी भेटून त्यांनी समेटाची एक खूण मागे ठेवली आहे.

आपल्यासाठी

या विद्यापीठाचे आपल्यावर ऋण आहे. श्रमिक तरुणांचे संघटक कार्डिनल कार्डाइन यांनी ल्यूव्हनमध्येच समाजशास्त्राचा अभ्यास केला. 'पाहा, पारखा, कृती करा' ही त्यांची शिकवण आपल्या धर्मग्रामांतील तरुणांच्या चळवळींत रुजली आहे. थोर हिंदी पंडित फादर कामिल बुल्के हे ल्यूव्हनचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी. तेथे त्यांनी फ्लेमिश मातृभाषेची उपेक्षा अनुभवली. १९३५ साली भारतात आल्यावर इंग्रजीपुढे हिंदी दबलेली पाहून त्यांना आपले घर आठवले. त्यांनी रामकथेवरील आपला प्रबंध अलाहाबाद विद्यापीठाला हिंदीत सादर केला. १९७४ साली ते पद्मभूषण झाले. भाषेच्या ज्या जखमेने एक विद्यापीठ दुभंगले, त्याच जखमेतून एका धर्मगुरूने परक्या देशाच्या भाषेवर प्रेम करायला शिकावे, ही परमेश्वराची कृपा नव्हे काय?

स्थलांतरित संस्थेचे उदाहरण आपल्याकडेही आहे. श्रीलंकेतील कँडी येथे बेल्जियन येशूसंघीयांनी चालवलेली पोपीय सेमिनरी १९५५ साली पुण्याला आली आणि तिने येथे मूळ धरले. तो प्रवास भांडणातून झाला नव्हता, एवढाच फरक.

आज आपल्या धर्मग्रामांतही मराठीबरोबर कोकणी, इंग्रजी, मल्याळम, तामिळ बोलणारी कुटुंबे येऊन राहिली आहेत. शिक्षणा-नोकरीसाठी आलेली मुले भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि धर्मग्रामाच्या नोंदवहीत त्यांचे नाव नसते. मिस्सा कोणत्या भाषेत किती वाजता, यावरून आपल्याकडेही आवाज चढतात. अशा वेळी बेल्जियमचे बिशप, त्यांचे १९६६ चे पत्रक आणि सम-विषम क्रमांकांची ती पुस्तके आठवावीत. ज्यांची भाषा उपेक्षित राहिली त्यांचे आधी ऐकले असते, तर वरून एकता जाहीर करण्याची वेळ कदाचित आली नसती. आणि नोंदवहीत नसलेला, पण शेजारच्या खोलीत दिवा लावून अभ्यास करणारा मुलगाही आपल्याच धर्मग्रामाचा आहे. येत्या रविवारी त्याला मिस्साला बोलवावे आणि नंतर घरी जेवायलाही.